आत्याकडचं बेडरूमचं दार आणि चौथ्यांदा निघालेलं हँडल

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी आत्याचा फोन आला. "अरे, दाराचं हँडल माझ्या हातात आलंय आणि पिल्लू आत अडकलंय." पिल्लू म्हणजे तिचा साडेचार वर्षांचा नातू. त्यानं खेळताखेळता आतून दार ढकललं, लॅचची जीभ चौकटीत बसली. आत्यानं बाहेरून हँडल दाबलं, तर हँडलमागच्या पट्टीसकट सगळं बाहेर आलं. सोबत स्पिंडलही, म्हणजे दोन्ही हँडलांना जोडणारी चौकोनी सळई. त्यामुळे आतलं हँडलही नुसतंच फिरायला लागलं.

फोनवरच सांगितलं, की कुलपात आता जे चौकोनी भोक दिसतंय, त्यात मावेल असं काहीतरी घाल आणि हँडल खाली दाबल्यासारखं फिरव. ते भोक ८ मिमीचं असतं; जाड स्क्रू ड्रायव्हर तिरपा घातला तरी पकड मिळते. आत्यानं मिटलेल्या कातरीचं टोक घातलं. दोन मिनिटांत दार उघडलं. पिल्लू रडलंबिडलं नव्हतं, पलंगावर उड्या मारत होतं. रडायला आत्याच आली होती.

हे हँडल निघण्याची ही चौथी वेळ. दुसऱ्या दिवशी अवजारांची पिशवी घेऊन डोंबिवलीला गेलो, तोवर दारानं दोन रविवार आणि मधला अख्खा आठवडा घ्यायचं ठरवलेलं होतं.

दाराची कुंडली

इमारत २००९ची. दार नेहमीचं फ्लश डोअर, ३० मिमी जाड, दोन्ही बाजूंनी सागवानी रंगाचा सनमायका. पॅसेजमध्ये समोरच बाथरूम. दार बेडरूममध्ये उघडतं, म्हणजे पॅसेजमधून लावताना ते हँडल धरून आपल्याकडे ओढावं लागतं. निघालेली पट्टी याच बाजूची. बेडरूमच्या बाजूची पट्टी थोडी हलत होती, पण जागेवर होती.

आधीचे तीन उपाय आतोबांनी मला ओळीनं सांगितले. ते बँकेत होते, त्यामुळे नोंदी तोंडपाठ.

पहिल्यांदा त्यांनी स्वतः भोकात आगकाडीच्या काड्या आणि फेविकॉल घालून स्क्रू परत पिळले. हे सात-आठ महिने टिकलं. दुसऱ्यांदा एका कारागिरानं "स्क्रू छोटे पडतायत" म्हणून सव्वा इंची घातले. सव्वा इंच म्हणजे ३२ मिमी, दार ३० मिमीचं. पट्टीची जाडी वजा केली तरी एका स्क्रूचं टोक पलीकडच्या सनमायकाला टेकलं. तिथे आजही मुरमाएवढा फुगवटा आहे. तिसऱ्यांदा सगळी भोकं एमसीलनं भरून, त्यात स्क्रू. तो एमसील आता माझ्या हातात होता: मुठीत मावेल एवढा राखाडी गोळा, त्याच्या पाठीला दाराच्या प्लायचा वरचा थर खरवडून चिकटलेला. एमसीलनं आपलं काम चोख केलं होतं. तो ज्या लाकडाला चिकटला, ते लाकूडच कुजकं होतं.

"दार बदलायला साडेसहा हजार सांगितलेत," आतोबा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"आधी बघू तर द्या, आतोबा."

आधी हलतंय काय ते ठरवायचं

हँडल ढिलं झालं असं लोक म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळे आजार असतात. बेडरूमच्या बाजूला मी पट्टी अंगठ्यानं दाराशी घट्ट दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं हँडलची मूठ हलवली. मूठ खुळखुळली. म्हणजे तिथे लाकडाचा दोष नव्हता. मुठीच्या मानेखाली जो बारीकसा ॲलन कीचा स्क्रू असतो, तो सैल झाला होता. दोन आटे पिळले, खुळखुळ बंद. याच्या उलट, मूठ न हलवता पट्टीच दारावर सरकत असेल तर रोग लाकडात आहे. पॅसेजच्या बाजूला तर पट्टीच नव्हती, त्यामुळे तिथे शंका उरली नव्हती.

मग भोकं पाहिली, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून. इथे मला जरा वेळ लागला, आणि लागलेला बरा. वरच्या दोन स्क्रूंची भोकं गोल नव्हती. उभी लांबट झाली होती, चिंचोक्यासारखी. स्क्रू नुसता वारंवार पिळून सैल झाला तर भोक गोलच मोठं होतं. नुसतं ओढून निघाला तर तोंडाशी ढलप्या उडतात. उभं लांबट भोक याचा अर्थ कुणीतरी ही पट्टी रोज वर उचलत होतं.

"आत्या, जरा हे दार लावून दाखव."

"हँडल नाही ना त्याला."

"असं समज की आहे."

तिनं हवेत मूठ धरली, दार ओढलं आणि शेवटच्या क्षणी हात वर उचलला. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. आतोबा म्हणाले, "असंच लावावं लागतं ते, नाहीतर बसत नाही." घरातल्या प्रत्येकाला दार लावताना ते उचलायची सवय लागली होती. असं दार अंदाजे तीस किलोचं असतं. ते वजन पाऊण इंची चार स्क्रू, दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षं उचलत होते.

दार का बसत नाही हे शोधायला मी आत्याकडून कुंकू मागितलं.

"कुंकू कशाला रे?"

चिमूटभर कुंकवात दोन थेंब तेल घालून लॅचच्या जिभेला लावलं, जीभ आत दाबून धरली, दार न उचलता मिटलं आणि मग जीभ सोडली. उघडून पाहिलं तर चौकटीवरच्या पितळी पट्टीवर लाल ठसा भोकाच्या ५ मिमी खाली. खडूनंही हे होतं, पण कुंकू स्वच्छ उमटतं.

दार खाली आलं होतं. दार खाली येतं ते बहुतेक वेळा वरच्या बिजागरीपाशी. तिथे चौकटीच्या बाजूच्या चार स्क्रूंपैकी तीन बोटानं फिरत होते. बिजागरी चौकटीपासून इतकी सुटली होती की मागे पोस्टकार्ड सहज सरकावं. वर बिजागरीकडे फट रुंद, आणि हँडलकडचा वरचा कोपरा चौकटीला घासून सनमायकाची कड पांढरी पडलेली.

तीन वेळा हँडल बसवलं गेलं, आणि तिन्ही वेळा बिजागरीकडे कुणी पाहिलं नाही. मी कारागिरांना नावं ठेवत नाही. "हँडल बसवून द्या" म्हणून बोलावलं की माणूस हँडलपाशीच उभा राहतो.

दुसरा गुन्हेगार मला आल्या आल्या दिसला होता, पण आत्याला सांगायचं धाडस नव्हतं. बाथरूमसमोरचं दार, त्यामुळे अंघोळ करून आलेला प्रत्येकजण ओला टॉवेल याच हँडलवर टाकतो. पाणी पट्टीच्या मागे झिरपतं आणि सुकायला जागा नसते. लोखंडी स्क्रू गंजतो. गंजलेल्या स्क्रूभोवतीचं लाकूड काळंनिळं पडतं आणि नखानं उकरलं तर भुशासारखं सुटतं. इथे वरच्या भोकांभोवती दीड सेंटिमीटरपर्यंत तसंच झालं होतं.

कुलपामागची पोकळी

खालच्या दोन भोकांची गोष्ट वेगळी निघाली. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं तर ते काहीच न लागता आत गेलं.

दाराच्या कडेवरचे दोन स्क्रू काढून मॉर्टाइस कुलूप बाहेर ओढलं. अशा कुलपाची पेटी साधारण १५ मिमी जाड असते. तिच्यासाठी सुतार दाराच्या कडेतून आत १७-१८ मिमी रुंद खाच पाडतो. ३० मिमीच्या दारात मग दोन्ही अंगांना जेमतेम ६-६ मिमी भिंत उरते, आणि त्यातही वरचा मिलिमीटर सनमायकाचा. घरातल्या दाराची सगळ्यात नाजूक जागा आपण जिथे रोज हात घालतो तीच असते. पण पट्टी पेटीपेक्षा उंच असल्यामुळे वरचे आणि खालचे स्क्रू पेटीच्या पलीकडे, भरीव लाकडात जातात. निदान जायला हवेत.

इथे मूळ सुतारानं खाच खालच्या अंगाला ३८ मिमी जास्त उतरवली होती. ओळीनं गिरमिटाची भोकं पाडताना एक-दोन जास्त पडली असतील, मग पटाशीनं साफ करून मोकळा झाला. वरून पट्टी बसली की कुणाला कळणार! त्यामुळे खालचे स्क्रू पहिल्या दिवसापासून ६ मिमीच्या भिंतीत अडकून पोकळीत लोंबकळत होते. आतोबांच्या काड्याही पोकळीतच पडल्या होत्या. कुलूप काढलं तेव्हा सात काड्या बाहेर आल्या. कडेवरच्या पट्टीचा खालचा स्क्रूही त्याच पोकळीत. एमसीलला मागे टेकायला काहीच नव्हतं.

आतोबांनी सातही काड्या हातावर घेऊन नीट पाहिल्या.

पहिला रविवार

क्रम मी पक्का केला: आधी बिजागरी, मग लाकूड, हँडल सगळ्यात शेवटी.

दाराखाली हँडलच्या बाजूला लाकडी पाचर सारून दार जागेवर येईपर्यंत उचललं. वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू काढून तिथे दोन इंची घातले. लांब स्क्रू इथे चालतो, कारण चौकट भरीव आहे आणि मागे भिंत. हाच उपाय त्या कारागिरानं दाराच्या पल्ल्यावर केला, तेव्हा सनमायका फुगला. पाचर काढली, कुलूप तेवढ्यापुरतं खाचेत सारून कुंकवाचा ठसा परत घेतला: भोकाच्या फक्त १ मिमी खाली. तेवढं पितळी पट्टीचं भोक कानशीनं खाली वाढवलं. दार न उचलता "टक्" करून बसलं. आत्या म्हणाली, "आता हँडल नसलं तरी चालेल की!"

वरचा कोपरा अजून किंचित घासत होता. रंधा पिशवीत होता, पण काढला नाही. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. ऑगस्टमध्ये रंधलेलं दार मार्चमध्ये बोटभर फट दाखवतं. आतोबांना म्हटलं, दिवाळीत बघू.

मग लाकूड. काळं पडलेलं सगळं पटाशीनं खरवडून काढलं, खणखणीत लाकूड लागेपर्यंत. टेबलफॅन दाराकडे तोंड करून दोन-अडीच तास लावून ठेवला, तेवढ्यात जेवणं झाली. ओल्या लाकडावर नेहमीचा गोंद नीट धरत नाही.

खालच्या पोकळीसाठी जवळच्या सुताराकडून सागाचा तुकडा आणला होता. त्यानं पैसे घेतले नाहीत, पण कशासाठी हवाय ते सगळं विचारून घेतलं. तुकडा १७ मिमी जाड, ३७ उंच, ८० लांब असा तासला आणि कडेतून आत सरकवून पाहिला. सैलसर बसला. घट्ट ठोकून बसवायचा मोह होतो, पण ६ मिमीच्या भिंतींच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखं झालं तर प्लाय फाटतो. इथे फेविकॉल वापरला नाही. फेविकॉलला दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकलेले लागतात. फट भरणं हे त्याचं काम नव्हे. पोकळीच्या भिंती खडबडीत होत्या म्हणून दोन नळ्यांचं अराल्डाइट कालवून, सगळ्या बाजूंना चोपडून तुकडा आत सारला. तुकड्याच्या रेषा उभ्या ठेवल्या, दाराच्या उंचीच्या दिशेनं.

या रेषांवर जरा थांबतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वरच्या भोकांत बहुतेक लोक बाजारात मिळणारी गोल खुंटी फेविकॉल लावून ठोकतात आणि तिच्यात स्क्रू पिळतात. दिसायला काम सुबक होतं. पण खुंटीच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेनं धावतात, म्हणजे स्क्रूच्या दिशेनंच. स्क्रूचे आटे रेषा आडव्या तोडत जातात, त्यांचे आखूड तुकडे उरतात, आणि झाडूच्या हिरांमध्ये खिळा घातल्यासारखी गत होते. ओढला की येतो. लाकूड स्क्रूला घट्ट धरतं ते रेषा स्क्रूला आडव्या असल्या तर.

म्हणून खुंटी आडव्या हिशोबानं करायची: सागाच्या फळीच्या रुंद बाजूतून, रेषांना काटकोनात कापलेली. त्यासाठी प्लग कटर नावाचं ड्रिलला लावायचं पातं मिळतं. माझ्याकडचं मी कधीतरी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरून आणलं होतं आणि वर्षभर वापरलं नव्हतं. १२ मिमीच्या दोन खुंट्या कापल्या. वरची भोकं १२ मिमीच्या बिटनं १८ मिमी खोल मोठी केली. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण, म्हणजे पलीकडे जायची भीती नाही. फेविकॉल लावून खुंट्या हलकेच ठोकल्या, रेषा दाराच्या रेषांशी समांतर उभ्या फिरवून. इथे फेविकॉलच, कारण खुंटी भोकात चपखल होती.

पट्टीच्या खाली सनमायका आणि प्लायचा थर जिथे एमसीलबरोबर उखडला होता, तिथे खड्डा होता. त्याच्या वाकड्यातिकड्या कडा फूटपट्टी आणि कटरनं सरळ चौकोनी केल्या, पटाशीनं तळ सपाट केला आणि मापाचं सागाचं चिपाड चिकटवलं. वेडीवाकडी जखम भरण्यापेक्षा जखम थोडी मोठी पण चौकोनी करून ठिगळ लावणं सोपं जातं. कपड्याचंही तेच असतं. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर फळीचा तुकडा, आणि दार दोन्ही बाजूंनी शिकंज्यात.

कडेच्या बारीक फटी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरल्या. रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुटी, भरली असती तर गुळगुळीत झालं असतं, पण स्क्रूजवळ लांबी नको. ती पहिल्याच झटक्याला पिठासारखी सुटते.

आठवडाभर दार हँडलाविना राहिलं. मी कुलूप मुद्दाम परत बसवलं नाही, म्हणजे कुणी अडकायचा प्रश्न नाही. आत्यानं भोकातून जुन्या ओढणीचं टोक ओवून गाठ मारली आणि दार तिनंच ओढायचं. पिल्लूला ते इतकं आवडलं की त्यानं दुसऱ्या दारालाही ओढणी मागितली.

दुसरा रविवार

चिपाड पॉलिश पेपरनं सनमायकाच्या पातळीला आणलं. कुलूप घातलं, कडेचा खालचा स्क्रू पहिल्यांदाच लाकडात पिळला गेला. तो करकरत आत गेला तेव्हा आतोबांनीही मान डोलावली.

पट्टीला वर दोन, खाली दोन भोकं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची भोकं नशिबानं समोरासमोर येत होती. म्हणून वरचं एक आणि खालचं एक, अशा दोन जागी दारातून आरपार ४ मिमीचे मशीन स्क्रू घातले, बेडरूमच्या बाजूला टोपीवाले नट. आरपार बोल्टनं दोन पट्ट्या एकमेकींना धरतात आणि दार मध्ये दाबलं जातं. ओढलं तरी लाकडातून काही उपटायचा संबंध नाही. मग लाकूड एवढं दुरुस्त कशाला केलं, असं आतोबांनी विचारलंच. प्रश्न बरोबर होता. बोल्ट बाहेर ओढण्याला अडवतो, पण भोक लांबट असेल तर पट्टी वर-खाली सरकतच राहते. शिवाय मागे पोकळी असताना बोल्ट आवळला तर ६ मिमीच्या भिंती आत चेपतात.

उरलेल्या भोकांत स्टेनलेसचे स्क्रू. सागात आधी २.५ मिमीचं बारीक भोक पाडलं, स्क्रूला मेणबत्ती घासली आणि हातानं पिळले. शेवटच्या दोन वेढ्यांना मशीन लावलं तर नवे आटेही त्याच दिवशी जातात. पितळी स्क्रू दिसायला छान, पण सागात डोकं तुटायची भीती.

बोल्ट किती आवळायचे याला माझी एकच खूण: मूठ दाबून सोडायची. ती आपोआप वर आली पाहिजे. आळसावली तर पट्ट्या कुलपाला चिमटतायत, अर्धा आटा सोडायचा. इथे अर्धा आटा सोडावा लागला.

खर्च चारशेच्या आत आला, प्लग कटर सोडून. ठिगळ दिसतं. पट्टीच्या खाली बोटभर रुंद सागाचा तुकडा उघडा राहिला. सतरा वर्षांपूर्वीच्या रंगाचा सनमायका आता मिळत नाही. मी पॉलिश लावून रंग जुळवायचा प्रयत्न केला, तो जुळला नाही. आत्यानं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "दिसतंय, पण असू दे." बाथरूमच्या दाराशेजारी तीन खुंट्यांची पट्टी ठोकून आलो, टॉवेलसाठी.

दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा रंधा घेऊनच गेलो होतो. दार चौकटीला कुठेच लागत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात कागद घातला तर अलगद फिरला. तेव्हा रंध्याऐवजी दाराच्या वरच्या आणि खालच्या कच्च्या कडांना पॉलिशचे दोन हात दिले. या कडा कुणालाच दिसत नाहीत म्हणून तशाच सोडतात, आणि पावसाळ्याची हवा तिथूनच आत शिरते. कुंकवाचा ठसा पुन्हा घेतला, भोकाच्या मधोमध. बोल्ट तपासले, हलले नव्हते.

टॉवेलच्या खुंट्यांवर छत्र्या टांगलेल्या होत्या. हँडलवर ओला टॉवेल होता. तो उचलून आत्यानं दार लावलं, आणि लावताना हात वर उचलला.